काळटोकाचा राजीनामा

उषा बेटकर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी भोपाळ सोडून काळटोकावर राहायला गेली आणि तिला कोणीही अडवू शकलं नाही.

वरील वाक्य रद्द समजावं. बेटकरांच्या घरात आधी निकाल आणि मग चर्चा अशी पद्धत नाही. तेव्हा तसं काहीही झालेलं नाही. उषा अजून अरेरा कॉलोनीतल्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलेली आहे, रविवारचे सकाळचे दहा वाजलेत, पोह्यांवरची सेव मऊ पडत चालली आहे, आणि समोर तिचा थोरला भाऊ श्रीकांत नस्तीवर हात ठेवून बसला आहे.

नस्ती म्हणजे फाइल. मध्य प्रदेश सरकारात हाच शब्द चालतो. छप्पन्न साली नागपूरहून सरकारी कपाटांबरोबर भोपाळला आलेल्या बाळकृष्ण बेटकरांनी, म्हणजे अण्णांनी, तो घरातही चालवला. पुण्याकडचा पाहुणा आला आणि अण्णांनी "नस्ती काढू का?" विचारलं, की पाहुणा म्हणायचा, "नको हो, नस्ती उठाठेव कशाला." मग अण्णा दोन दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. घरातली प्रत्येक गोष्ट नस्तीवर व्हायची. ज्याला काही हवं त्याने अर्ज करायचा, बाकीच्यांनी समासात शेरे मारायचे, शेवटी घरच्या कर्त्याने "मंजूर" लिहून सही करायची. फ्रिज घेण्याबाबतची नस्ती एकोणऐंशीपासून विचाराधीन होती. दरम्यान तीन फ्रिज येऊन गेले.

अण्णा जाऊन सोळा वर्षं झाली होती. कर्तेपण श्रीकांतकडे आलं होतं आणि नस्त्यांचं कपाटही.

आजची नस्ती क्रमांक चार होती. तिच्यावर अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'विषय: राजीनामा (काळटोक)'. म्हणजे तसं लिहिलेलं असल्याचं सगळ्यांना माहीत होतं. दसऱ्याला लोक शस्त्रं पुजतात, बेटकर नस्ती क्रमांक चार पुजायचे, त्यामुळे अक्षरांवर साठ वर्षांचं हळदकुंकू बसलं होतं. ही घराण्याची एकमेव स्थावर मालमत्ता. तिला नमस्कार करायचे, अण्णांखेरीज उघडत कोणी नसे. पूजेतली वस्तू कोणी वाचत बसत नाही.

"तर प्रस्ताव असा," श्रीकांतने चष्मा सारखा केला, "की श्रीमती उषा—"

"कुमारी," उषा म्हणाली.

"कुमारी उषा यांनी येत्या एक तारखेपासून कोकणातल्या काळटोक नावाच्या भूशिरावर, कलमांच्या राखणीसाठी बांधलेल्या एका खोलीत, कायमचं राहायला जाण्याची इच्छा प्रकट केली आहे."

"इच्छा नाही. तिकीट काढलंय."

"तिकिटाचा मुद्दा नंतर येईल."

"तीस तारखेला येईल. पहाटे सव्वापाचला."

श्रीकांतने आयुष्यभर जलसंसाधन विभागात पाणी अडवलं होतं. चार धरणं, एकोणीस बंधारे. पाणी अडतं, कारण ते ऐकून घेतं. आपली बहीण ऐकून घेत नाही, हे त्याला ती सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. म्हणून त्याने आज भिंत कायद्याची घालायचं ठरवलं होतं.

"काळटोकाची जमीन अण्णांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची," तो म्हणाला. "एकसष्ट साली दोघांत राजीनामा झाला. म्हणजे तडजोड. म्हणजे निम्मी आपली. त्या निम्म्यात मी, तू आणि श्याम, तिघं हिस्सेदार. एकाही हिस्सेदाराची हरकत असेल तर तिथे कोणाला राहता येत नाही. माझी हरकत आहे. पोहे घे."

"माझी नाही," श्याम म्हणाला.

धाकटा भाऊ श्याम मिसरोदहून स्कूटरवर आला होता. महाराणा प्रताप नगरात त्याचा कोचिंग क्लास होता आणि तिथे तो तर्कशास्त्र शिकवायचा, त्यामुळे घरात त्याच्याकडून कोणी तर्काची अपेक्षा ठेवत नसे. त्याची बायको संपदा आली नव्हती. तिने आपलं मत फोनवर कळवलं होतं: "काहीही ठरवा, फक्त मला विचारू नका."

"जाऊ दे ना ताईला, दादा," श्याम म्हणाला. "कोणीतरी तिथे राहिलं तर कब्जा राहतो. पुढे-मागे दोन खोल्या अजून काढू. समोर समुद्र, मागे कलमं. लोग पागल हो जाएंगे."

"कोण लोक?"

"आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, आमची खाडीवर जमीन आहे म्हणून."

"आणि त्यांना काय वाटलं?"

श्यामने जरा वेळ सेव वेचली. "त्यांना वाटलं दुबईकडे आहे. हिंदीत खाडी म्हणजे तिकडची ना. गुप्ताजी भाच्यासाठी व्हिसा विचारत होते."

"तू सांगितलंस ना, तसं नाही म्हणून?"

"गुप्ताजींचं मन मोडवत नाही."

श्रीकांतने बहिणीकडे पाहिलं. ती शेंगदाणे बशीच्या काठावर ओळीने लावत होती. छत्तीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला होता. 'अंतरीप, अर्थात भूमि का वह नुकीला भाग जो समुद्र में दूर तक चला गया हो' हे वाक्य तिने भोपाळच्या तीन पिढ्यांच्या मुलींकडून घोकून घेतलं होतं. आणि तिने समुद्र पाहिलेला नव्हता. संधी आल्या होत्या. शाळेची सहल गोव्याला गेली तेव्हा ती किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून दोन तास मुली मोजत बसली. दुसरा कुठलाही समुद्र आधी पाहिला तर काळटोकाचा समुद्र पहिला राहणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. आणि ते बरोबर होतं.

"उषे, समुद्रच पाहायचा तर आपला बडा तालाब आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यातही टापू आहे. संध्याकाळी बोटीने जाऊन सात वाजता घरी."

"दादा, गोड्या पाण्याला मी समुद्र म्हटलं तर पेन्शन परत करावी लागेल मला."

*

स्वयंपाकघरात कल्पना दुसऱ्यांदा चहा टाकत होती. श्रीकांतची बायको, इंदूरची. गेली अडतीस वर्षं ती आणि उषा या एकाच ओट्यावर, एकाच बर्नरवरून भांडत आल्या होत्या. दुसरा बर्नर चालायचा नाही. त्याची नस्ती होती.

श्याम मागोमाग आला. "वहिनी, तुम्ही ताईच्या बाजूने आहात की दादाच्या?"

"ह्यांच्या."

"नक्की?"

"मग? एकटी बाई, अडुसष्ट वय, गुडघे वाजतात. तिथे डॉक्टर नाही, दूध नाही. मी साफ विरोधात आहे." तिने साखरेचा डबा काढायला खालचं कपाट उघडलं आणि लगेच बंद केलं. श्यामला तेवढ्यात दिसलं ते एवढं: मेतकुटाच्या दोन बरण्या, हिंगाची डबी, विजेरी, आणि कोऱ्या रबरी चपला, कातळावर घसरू नयेत अशा.

"वहिनी, हे काय?"

"विरोध," कल्पना म्हणाली. "विरोध केला म्हणून माणूस उपाशी पाठवायचं का? गप्प बसा. आणि ह्यांना सांगाल तर पुढच्या दिवाळीत तुम्हाला अनारसे नाहीत."

श्याम गप्प बसला. तर्कशास्त्रात अनारशांना तोड नव्हती.

*

पल्लवी बाराला आली तेव्हा बैठक जिथे सुरू झाली होती तिथेच होती, फक्त पोह्यांच्या जागी भजी आली होती. श्रीकांत-कल्पनाची ही एकुलती मुलगी जिल्हा न्यायालयात वकिली करायची. बाबांनी तिला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. आत्याने तिला भाची म्हणून आधीच फोन केला होता. आईने काही न बोलता तिच्या ताटलीत जास्त भजी वाढली होती, त्याचा अर्थ अजून लागायचा होता.

"काही प्रॉब्लेमच नाहीये," ती खुर्ची ओढत म्हणाली. "राजीनामा मैं रोज़ करवाती हूँ यार. मागच्या लोक अदालतीत अकरा केले. दोन पार्ट्या, समझौता, दोघांच्या सह्या, सब अपने अपने घर. निम्मं आपलं, एकदम पक्कं. आणि बाबा, तुमची हरकत टिकेल."

"बघ," श्रीकांत बहिणीला म्हणाला.

"सॉरी आत्या."

"कागद वाचलास का?" उषाने विचारलं.

हा प्रश्न या घरात चार नंबरच्या नस्तीबाबत कोणी विचारला नव्हता.

"वाचायचं काय त्यात?" श्रीकांत म्हणाला. "वर लिहिलंय की राजीनामा."

"मी पोरींना सांगायचे, धड्याचं नाव पाठ करून कोणी पास होत नाही."

पल्लवीने नस्ती पुढे ओढली. गाठ सोडताना कुंकवाची खपली भज्यांवर पडली. आत, सगळ्यात वर, एक पिवळा कागद होता, चार घड्यांचा. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'मौजे काळटोक येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझे हिश्श्याचा मी, बाळकृष्ण, हल्ली मुक्काम भोपाळ, माझे वडील बंधू यांचे लाभात राजीखुशीने राजीनामा देत आहे.'"

ती थांबली. परत वाचलं, मनात. काहीतरी दाताखाली खडा आल्यासारखं होत होतं. दोन मिनिटांनी तिला खडा सापडला. तो क्रियापदात होता. तिच्या कोर्टात राजीनामा होतो, राजीनामा करतात. राजीनामा कोणी देत नाही. मग द्यायचा राजीनामा कुठे ऐकलाय आपण?

"आई," ती म्हणाली, "मराठी पेपरात मंत्री राजीनामा देतो म्हणजे काय करतो?"

"खुर्ची सोडतो. दुसरं काय?" कल्पना म्हणाली आणि तिच्या हातातला झारा जागच्या जागी थांबला.

"नितीनला फोन लावा."

नितीन हा अण्णांच्या त्या थोरल्या भावाचा नातू. काळटोकाच्या समोर, खाडीपलीकडे शेवरे बेट आहे, बावीस घरं, एक शाळा आणि खाडी ओलांडायला एक होडी. त्या बावीसातल्या एका घरात तो राहत होता. बेटकर हे आडनाव त्या बेटावरून आलं होतं. भोपाळमध्ये लोक ते 'बेटेकर' लिहायचे आणि बेटे किती आहेत ते विचारायचे. फोन लागला तेव्हा पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग नारळ, मग नितीनची हनुवटी.

"बोला काकानू."

"नितीन, आमच्या अण्णांनी एकसष्ट साली राजीनामा..."

"दिल्यानी. होय तर. माझ्याकडे आजोबांची कबुलायत आसा ना. त्यांनी सोडल्यानी, आजोबांनी घेतल्यानी. इकडे जमीन अशीच सोडत." मग पलीकडे कोणाला कळत नाही असं वाटून त्याने शुद्ध मराठी धरली. "म्हणजे हक्क सोडला. सगळा. तुम्हाला... माहीत होतं ना?"

श्यामच्या डोळ्यांसमोर गुप्ताजी उभे राहिले, भाच्याचा पासपोर्ट घेऊन.

"आजोबा सांगत," नितीन पुढे म्हणाला, "की सही करायच्या आधी बाळूने तलाठ्याला विचारलं, समुद्र कोणाच्या नावावर आहे? तलाठी म्हणाला, सरकारच्या. मग बाळू म्हणाला, हरकत नाही, मी सरकारातच आहे. आणि सही केली."

*

पुढच्या दहा मिनिटांत बेटकरांच्या घरातल्या आघाड्या अशा बदलल्या. सकाळपासून एकमेकांविरुद्ध असलेले श्रीकांत आणि श्याम एक झाले. जमीन गेल्याचं श्यामला अपार दुःख होतं आणि श्रीकांतला दुःखाच्या मानाने फारच टवटवी आली होती.

"म्हणजे प्रकरण निकाली," श्रीकांत म्हणाला. "तिथे आपलं काही नाही. जमीन नाही, तर जाणं नाही. हो की नाही श्याम?"

"लॉजिकल आहे," श्याम म्हणाला. "किसी और की ज़मीन पर बेगानी शादी कशाला? ताई, तू राहू दे. मी पण गुप्ताजींना सांगून टाकतो की दुबईवाली विकली."

फोन अजून चालू होता. "ओ आत्या," त्यातून आवाज आला, "खोली तुमचीच आसा. मी चुना काढून ठेवलंय. तुमी कधी येतास ता सांगा. तर भरतीक सुटता."

"तर म्हणजे?" श्रीकांतने विचारलं.

"होडी. काळटोकावर नेणारी. तिकडे रस्ता नाही."

"आणि तर नसली तर?"

"तर नसली तर नाय."

"बघ!" श्रीकांत बहिणीकडे वळला. "ऐकलंस? रात्री-बेरात्री काही झालं, तर काय करशील?"

"तर नसेल तर?" उषाने शांतपणे विचारलं. "तर असेल तर जाईन. नसेल तर भरतीची वाट बघेन. पल्लवी, त्या कागदाखाली अजून एक आहे. तो काढ."

पल्लवीने काढला. वहीचं पान होतं, रेघारेघांचं, आणि समासात वरपासून खालपर्यंत अण्णांचे शेरे.

"तुला काय माहीत, खाली हा आहे ते?" श्रीकांत म्हणाला.

"मीच दिला होता. अण्णा म्हणाले, काळटोकाच्या नस्तीत लावतो. छप्पन्न वर्षं झाली. निकाल आलेला नाही."

पल्लवीने वाचलं. यावेळी हळू.

"'प्रति, माननीय अण्णा यांस. विषय: समुद्र दाखवणेबाबत. महोदय, आज शाळेत अंतरीप शिकवलं. बाईंनी फळ्यावर काढलं ते नाकासारखं दिसत होतं. आपल्याकडे असं एक आहे असं आपण सांगता. ते खरं आहे का, हे मला प्रत्यक्ष पाहून ठरवायचं आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी. आपली आज्ञाधारक, उषा बाळकृष्ण बेटकर, सातवी ब.'"

मग समास. एकोणसत्तर: 'पुढील वर्षी विचार व्हावा.' सत्तर: 'श्यामला गोवर. पुढील वर्षी.' एकाहत्तर: 'युद्ध.' बहात्तर: 'श्रीकांतची परीक्षा.' दरवर्षी एक ओळ, वेगवेगळ्या शाईत. चौऱ्याऐंशीला डिसेंबरची नुसती तारीख होती, शेरा नव्हता. त्या ओळीवर पल्लवीही थांबली नाही आणि कोणी काही विचारलंही नाही. मग नव्वदचं दशक, निवृत्ती, मोतीबिंदू. अक्षर मोठं आणि तिरकं होत गेलेलं. शेवटचा शेरा दोन हजार आठचा होता, मरणाच्या आदल्या वर्षीचा, आणि तो एका ओळीत मावला नव्हता.

"'तेथे आता माझे काही नाही. पाहुणा म्हणून जावे लागेल. उषाला हे सांगावे लागेल. तूर्त नको.'"

झाऱ्यातून तेलाचा थेंब ओट्यावर पडला. कल्पनाने गॅस बंद केला.

उषाने कागद हातात घेतला. सबंध आयुष्य तिला वाटत आलं होतं की अण्णांना वेळ नाही. वेळ तर होता. तीन फ्रिजांइतका वेळ होता. माणूस सहीच्या आधी समुद्र कोणाच्या नावावर आहे ते विचारतो आणि मग अठ्ठेचाळीस वर्षं आपल्याच गावाला पाहुणा व्हायला लाजतो. तिला त्यांचा राग यायला हवा होता. तिने थोडा वेळ वाट पाहिली, पण तो आला नाही. भरती नसावी.

"अण्णांना लाज वाटत होती," ती म्हणाली. "मला नाही वाटत. मी पाहुणी म्हणून जाते. नितीन, एक तारखेला भरती किती वाजता?"

"बघून सांगतंय."

"पण ताई, मालकीच नाही तर..."

"श्याम, मालकी मागितली कोणी? अर्ज नीट वाच. बघायचंय एवढंच लिहिलंय. बारा वर्षांच्या मुलीला जे समजलं होतं ते तुम्हा दोघा बाप्यांना अजून समजत नाही." तिने पान श्रीकांतपुढे सरकवलं आणि त्यावर पेन ठेवलं. "कर्ता तू आहेस. सही कर."

"मी विरोधात आहे."

"मग तसं लिही. पण काहीतरी लिही. 'पुढील वर्षी' लिहू नकोस."

श्रीकांतने बायकोकडे पाहिलं. अडतीस वर्षांचा हुकमी मित्रपक्ष. कल्पनाने पदराला हात पुसले, खालचं कपाट उघडलं आणि रबरी चपला आणून टेबलावर, भज्यांच्या शेजारी ठेवल्या.

"मी पाठिंबा काढून घेतला," ती म्हणाली. "सात नंबरच्या आहेत, वन्सं. घालून बघा. बदलून मिळतात."

"तू? तू तर सकाळी..."

"अहो, मला काय हौस आली आहे? एका बर्नरवर आता एकटीने भांडायचं कोणाशी? पण छप्पन्न वर्षं हो. आमच्या इंदुरात तर एवढ्या वेळात..." तिने चपलेचा पट्टा विनाकारण लावला आणि सोडला.

पल्लवी म्हणाली, "बाबा, एक तज्ज्ञ म्हणून सांगते, कर दो यार."

*

श्रीकांतने सही केली नाही. त्याने पेन उचललं, नस्ती उचलली, आणि "विचारार्थ वेळ हवा" असं म्हणून तो आपल्या खोलीत गेला.

खोलीत कालचं मराठी वर्तमानपत्र पडलं होतं. ते नागपूरहून एक दिवस उशिरा यायचं, त्यामुळे या घरात जगातलं सगळं एक दिवस उशिरा घडायचं, आणि घडलेलं फारसं वाईट वाटायचं नाही. शेवटच्या पानावर शब्दकोडं होतं. निवृत्तीनंतरच्या तेरा वर्षांत कालपर्यंत एकही दिवस चुकला नव्हता: दुपारी चारला आडवे शब्द तो सोडवायचा, उभे उषा. त्याला उभे येत नसत. कधीच आले नव्हते. आडवं पाणी, आडवे बंधारे, त्याची बुद्धीच तशी झालेली. कालच्या कोड्यात त्याचे सगळे आडवे भरले होते. बैठकीच्या तयारीत उषाचे उभे राहून गेले होते. त्याने एक उभा वाचून पाहिला. 'समुद्रात घुसलेला जमिनीचा भाग, तीन अक्षरी.' तेवढा त्याला आला. त्याने तो लिहिला नाही.

दरवाजाबाहेरून आवाज येत होते. उषा चपला घालून फरशीवर चालून बघत होती, चर्र चर्र. श्याम म्हणत होता की तो सोबत जाईल, सोडायला, आठ दिवस, फार तर पंधरा. कल्पना म्हणत होती, डावा जरा घट्ट वाटतोय का. नितीन फोनवरून कोणाला तरी विचारत होता, एक तारखेक पाणी कधी भरता रे.

श्रीकांतने वहीचं पान उघडलं. अण्णांच्या शेवटच्या शेऱ्याखाली दीड बोट जागा होती. अण्णा नेहमी थोडी जागा सोडायचे. त्याने तिथे लिहिलं, 'मंजूर', आणि तारीख घातली, आणि सही केली. घाईने, पाणी सोडायचं दार उचलताना करतात तशी.

मग त्याने कपाटातून एक कोरी नस्ती काढली, तिला क्रमांक दिला, आणि चांगल्या अक्षरात, तीन प्रतींत, अर्ज लिहिला.

'प्रति, माननीय सचिव, महसूल विभाग, महाराष्ट्र शासन. मार्फत, मध्य प्रदेश शासन.

विषय: काळटोक भूशिराची बदली होणेबाबत.

महोदय,

सन १९५६ साली नागपूर येथील अनेक कार्यालये, कर्मचारी, कपाटे व खुर्च्यांसह, भोपाळ येथे हलवण्यात आली. माझे वडील त्यांपैकी होते. सबब एखादी गोष्ट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे अशक्य आहे, असे शासनास म्हणता येणार नाही.

माझी धाकटी बहीण कुमारी उषा ही एक तारखेपासून काळटोक येथे राहावयास जात आहे. तिचे जाणे मी आज मंजूर केले आहे व ते रद्द करण्याचा माझा विचार नाही. परंतु माझे गुडघे पाहता मला तरीत चढता येत नाही, आणि शब्दकोड्यातील उभे शब्द मला येत नाहीत.

तरी काळटोक हे भूशिर, समोरील शेवरे बेट, त्यावरील बावीस घरे, एक शाळा, एक तर व लगतचा समुद्र भरती-ओहोटीसह, तत्काळ प्रभावाने भोपाळ येथे, शक्य तो अरेरा कॉलोनीपासून दुपारी चारला पायी जाता येईल अशा अंतरावर, बदलून मिळावा, ही नम्र विनंती.'